गूळ न घातलेलं कारलं

माय गेली त्याच्या आदल्या वर्षी थोरल्या बहिणीचं नवापूरला लग्न झालं होतं. मग तळोद्याच्या घरात माझे वडील, आबा, आणि मी, दोघंच उरलो. आबा शिंपी होते. दिवसभर ओसरीवर मशीन चालवायचे. दोन माणसांना बोलायला तरी असं किती लागतं? पण तेवढंही आमच्यात होत नसे.

त्या पावसाळ्यात आबांच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. मोरीत त्यांच्या लघवीला मुंग्या यायला लागल्या. वैद्यांनी नाडी पाहिली नि मला म्हणाले, "पोरी, मधुमेह आहे. यांचा गूळ, साखर बंद. रोज कारलं खाऊ घाल. कडूपण काढून टाकू नकोस, गुण त्यातच असतो."

मला मायच्या हातचं कारलं माहीत होतं. मीठ लावून पिळलेलं, चिंच-गूळ घालून आटवलेलं. आता ना पिळायचं, ना गूळ घालायचा. मी चकत्या करून तेलात लसूण-मिरचीवर परतायची, वरून दाण्याचं कूट आणि तीळ. वास छान सुटे, पण घास तोंडात घेतला की जीभ आखडून जाई. आबा मात्र भिंतीकडे तोंड करून मुकाट्यानं खात. मी विचारायची, "कडू शे का?" ते मान हलवायचे. हो की नाही, ते कधी कळलं नाही.

दोन भाज्या करायचा मला कंटाळा येई. त्यांचं झालं की मी चुलीपाशी मिठाशी भाकर खायची. चुलीचा जाळ निवत आलेला, समोर कोणी नाही. मायची आठवण यायची ती नेमकी तेव्हाच.

एकदा आबा पाणी घ्यायला परत आत आले. माझं ताट पाहून थबकले.

"तू कोरी भाकर काबर खाई ऱ्हायनी?"

मी पुढचा घास मोडला. ते मशीनवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी नदीवरून धुणं घेऊन आले, तर चुलीपुढे आबा बसलेले. मी त्यांना चुलीशी कधी पाहिलं नव्हतं. धुरानं डोळे लाल, शेजारी चिंचेचा कोळ, हातात गुळाचा खडा.

"तुन्ही माय गूळ कितला टाके?"

मी अंदाजानं दाखवला. त्यांनी तो कढईत घातला, ढवळत राहिले. मग माझ्यापुढे ताट ठेवून म्हणाले, "तूच चाखी पाह्य. माले चाखता येत नही."

भाजी तळाशी करपली होती. तरी चव मायच्या जवळची होती.

"गोड शे का?"

"शे, आबा."

"तुन्ही माय असंच करे. माले भलतं आवडे."

माय गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदा तिचं नाव काढलं, ते त्या दिवशी. मग त्यांनी स्वतःच्या कडू कारल्याचं ताट घेतलं आणि भिंतीकडे पाठ करून माझ्यासमोर बसले.

जखम हिवाळ्यात भरली. कारल्यानं भरली की गूळ सोडल्यानं, मला सांगता यायचं नाही. दुखणं काही गेलं नाही, पण आबा पुढं बरीच वर्षं मशीन चालवत राहिले. माझंही लग्न नवापूरकडेच झालं. भरल्या घरात पंगतीला बसले की मनात यायचं, आता आबा एकटेच चूल पेटवत असतील. सासरी कोणाला ते सांगण्यासारखं नव्हतं.