धाकट्याच्या वाट्याला

अमेरिकेत नोव्हाय गावी मुलीकडे राहायला आले, तेव्हापासून एकनाथराव आमचे शेजारी. मोटारींच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनीअर. दार उघडताना "यावं बाई" म्हणून अदबीने बाजूला सरकणारे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात त्यांच्या घराण्याला जहागीर मिळाली आणि तिच्याबरोबर साहेबाची रीतही आली: सगळं थोरल्याचं. पुढे जहागीर गेली, रीत राहिली. दसऱ्याला तलवारी पुजायच्या थोरल्याने, पंक्तीत पहिलं पान त्याचं. मधला लष्करात गेला, धाकटे एकनाथराव शिकून अमेरिकेत आले.

"मग तुमच्या वाट्याला काय आलं हो?" मी एकदा विचारलं.

"आईसाहेब," ते हसून म्हणाले. त्यांच्याकडे वडिलांना अग्नी थोरल्याने द्यायचा, आईला धाकट्याने. "तेवढं एक माझं, बाई. तिथे दादासाहेबांचंही चालत नाही."

एरवी थोरल्या दादासाहेबांसमोर बसायचं नाही आणि "आपण म्हणाल तसं" यापलीकडे बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं. त्यांच्या पत्नी शोभाताई चिडवायच्या, "पिझ्झा कुठला मागवायचा, तेही विचारा दादासाहेबांना!"

जानेवारीत आईसाहेब गेल्या. एकनाथरावांनी बॅग भरली, वर अग्नी देताना नेसायचं कोरं धोतर ठेवलं, आणि बर्फामुळे विमान कॅन्सल झालं. पुढचं थेट परवाचं. मी चहा घेऊन गेले होते, तेवढ्यात दादासाहेबांचा फोन आला. स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येत होता.

"एकनाथ, माणसं जमलीत. तुझ्यासाठी थांबायचं का?"

एकनाथराव खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांची मुलगी केया कुजबुजली, "बाबा, जस्ट टेल हिम टू वेट!"

"आपण म्हणाल तसं, दादासाहेब."

पलीकडून "बरं" आलं आणि फोन बंद झाला.

"अहो, काय केलंत हे?" शोभाताई रडतच म्हणाल्या. "ते तुम्हाला विचारत होते!"

केयाने परत फोन लावला. कितीतरी वेळाने पुतण्याने, अनीशने उचलला. "काका, बाबा आजीला घेऊन निघाले. फोन इथेच राहिलाय."

एकनाथराव अजून उभेच होते.

"शोभा, त्यांनी आजवर मला कधी काही विचारलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "मला कळलंच नाही."