जगदेवीच्या भिंती

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. हापशावर घागरींची रांग लागायची, आणि त्याच गल्ल्यांतून नव्या कचेऱ्यांचे कारकून बायकापोरांसह भाड्याची खोली शोधत फिरायचे.

जगदेवी आणि तिची धाकटी जाऊ गौरम्मा यांची घरं एकाला एक लागून होती. दोघींकडे रस्त्यालगतची एकेक खोली रिकामी होती. जगदेवीच्या भिंती गल्लीत नावाजलेल्या. तेलाचा डाग दिसला की ती खडूची पूड ओंजळभर पाण्यात कालवून त्यावर थापायची, वाळली की हलक्या हातानं झाडायची. वर निळीचा थेंब घातलेल्या चुन्याचा बोळा फिरवला की डाग कुठं होता ते शोधून सापडायचं नाही. लोक वाहवा करत. पण भिंती मळवायला घरात कुणी नाही म्हणून त्या स्वच्छ आहेत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं होऊन तिची कूस रिकामी होती.

गौरम्माला तीन पोरं. रिकाम्या खोलीत ती भिंतीला टेकून अभ्यासाला बसत. त्यांच्या तेल लावलेल्या डोक्यांचे काळपट पट्टे भिंतीवर उमटले होते. एक खालचा, एक जरा वरचा, एक त्याहून वर. जगदेवी त्या खोलीत गेली की तिची नजर तिथंच खिळायची आणि ती ते तिन्ही पट्टे पुन्हा पुन्हा मोजायची.

एका सकाळी गौरम्मा आली. "अक्का, कारकुनाची बायको उद्या खोली बघायला यायलीय. ते तेलाचे डाग कशानं जातील?"

जगदेवीच्या ओठांवर खडूचं नाव आलं होतं. पण ती म्हणाली, "गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाल, काथ्यानं घास. लई घास."

गौरम्मानं रांगेत उभं राहून आणलेल्या दोन घागरी त्या भिंतीवर ओतल्या. चुना सुटला, मागची माती उघडी पडली, डाग पसरून गोठ्याच्या भिंतीसारखं झालं. दुसऱ्या दिवशी कारकुनाची बायको सिंधू आली. ती भिंत बघून तिनं नाक मुरडलं आणि जगदेवीची खोली घेतली.

जगदेवीला वाटलं होतं, आता काळीज थंड होईल. पण सिंधू राहायला आली ती फक्त झोपायला. काम आटोपलं की ती गौरम्माच्या उंबऱ्यावर. गौरम्मा हसायची, पोरं तिच्या मांडीवर चढायची. भिंतीपलीकडून खिदळणं ऐकू आलं की जगदेवीच्या हातातलं लाटणं थांबायचं. खोली भाड्यानं गेली, पण माणूस पुन्हा तिकडंच गेलं.

महिन्याभरानं एका दुपारी ती न राहवून खडूची पूड आणि चुन्याचं गाडगं घेऊन गौरम्माकडं गेली. तिनं भिंत हाती घेतली. डागांवर लेप दिला, वाळल्यावर झाडला, उघड्या मातीवर चुना चढवला. गौरम्मा गाडगं धरून शेजारी उभी होती.

"गौरा," भिंतीवरची नजर न काढताच जगदेवी म्हणाली, "सोडा मी मुद्दाम सांगितला होता."

"हाव. ठाऊक हाय मला."

जगदेवीचा हात थांबला. "कधीपासून?"

"त्याच दिवशी कळलं. तुमच्या घरात मी सोडा कधीच बघितला न्हाई, अक्का."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? दोन घागरींचं लई वाईट वाटलं, एवढंच."

जगदेवीनं उरलेली भिंत पुरी केली. गौरम्मानं पुढं केलेला चहा प्याली आणि घरी आली. आपल्या लख्ख भिंतीला ती टेकून बसली. पोरं गौरम्माकडं, हसणं तिच्याकडं, आणि एवढं मोठं मनसुद्धा तिच्याकडंच. हेवा काही कमी झाला नव्हता. उलट आज तो आणखी एका गोष्टीचा वाटत होता.