मोहगावच्या बागेतली जंबेरी

रविवारी प्रार्थनेत प्रभूने काय केले याची साक्ष देण्याची वेळ आली की मी आजही मागच्या चटईवर सरकतो. इतरांच्या साक्षीत ताप उतरतो, हरवलेली माणसे सापडतात. माझ्या साक्षीत तसे काही नाही. तिच्यात बरीचशी भीतीच आहे, आणि मी मुळातच भित्रा माणूस. लहानपणी मास्तरांना भ्यायचो, लग्न झाल्यावर सासऱ्याला, कामाला लागल्यावर मालकाला. देवाचे भय मात्र वयाच्या पस्तिशीपर्यंत मला ठाऊक नव्हते.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. सौंसरला संत्र्याच्या एका नर्सरीत मी कलमे बांधायचो. काम असे, की जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरची कळी, बसवायचा, पट्टी बांधायची आणि डोळा फुटला की वरचा खुंट छाटायचा. जंबेरीचे मूळ चिवट, पण फळ इतके आंबट की तोंड वाकडे होते. डोळा जगला तरच ते झाड संत्र्याचे. एका दिवाळीनंतर शेजारच्या गावी मंडई, म्हणजे जत्रा, भरली होती. डोळ्यांच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळायच्या सोडून मी त्या उन्हातच टाकल्या आणि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ पाहायला पळालो. दुसऱ्या दिवशी त्याच सुकलेल्या काड्यांचे डोळे बांधले. अख्खा वाफा फसला. मालक हाकलून देईल या धाकाने मी तोंड उघडले नाही. खुंटाला फुटलेले जंबेरीचेच धुमारे वाढू दिले, ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे काटे खुडून टाकले, आणि मालकाने विचारले तेव्हा सगळी कलमे लागली म्हणून सांगितले.

ती एकशे दहा झाडे मोहगावच्या गुलाबरावांकडे गेली. गुलाबराव जुने पहिलवान, स्वभावाने तापट, आणि बाग पहिल्यांदाच लावत होते. लावणीला मालकाने मलाच पाठवले. गुलाबरावांनी मला पाटावर बसवून जेवू घातले. निघताना मी वर तोंड करून म्हणालो, "भाऊ, पयल्या बहाराची फळं मले द्या, इसरू नका." ते हसून हो म्हणाले. चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात ते हेच.

त्यानंतर दोन वर्षांनी बायकोच्या मागोमाग मी आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंच्या घरी प्रार्थनेला जाऊ लागलो. पाच-सहा घरांची मंडळी, छिंदवाड्याहून महिन्यातून दोनदा बसने येणारे पाळकसाहेब. प्रभूचे नाव ऐकून मला रडू यायचे आणि रडले की हलके वाटायचे. पाळकसाहेबांना ते कळले असावे. एकदा ते म्हणाले की नुसते रडणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. ज्या वाटेने चुकीचे गेलो त्याच वाटेने पायी परत जावे लागते, आणि तिथून पुढे शिष्याची वाट सुरू होते. बाप्तिस्म्याच्या आदल्या रविवारी त्यांनी मला विचारले, कोणाचे काही वाईट केले आहे का, जे अजून नीट करता येईल? मी नाही म्हणालो. माणसाला फसवले होते तेव्हा झोप लागत होती. आता देवासमोर खोटे बोललो होतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीवर गेलो, पाण्यापर्यंत पोचलो, आणि थंडी वाजते म्हणून घरी परत आलो. हिवताप असेल असे सगळ्यांना वाटले.

झाडांना चौथे वर्ष लागले होते. येत्या बहाराला फळ धरले की सारे उघडे पडणार होते. दोनदा मी मोहगावची बस धरली आणि दोनदा फाट्यावरूनच माघारी फिरलो. गुलाबरावांनी एका गड्याला तुतारीने, म्हणजे बैल हाकायच्या टोकदार काठीने, झोडपल्याचे ऐकले होते. मार खाल्ला असता एक वेळ, पण नोकरी जाईल, पोरी काय खातील, मंडळीला लोक नावे ठेवतील, असे शंभर विचार यायचे. तिसऱ्यांदा फाट्यावर उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. परतीची बस समोरच उभी होती. मी म्हणालो, प्रभू, माझ्याने होत नाही. आणि बसकडे वळलो.

तेवढ्यात कोणीतरी माझे मनगट धरले. मोतीबिंदूने डोळे पांढरे झालेली एक म्हातारी होती. मोहगावले जाऊन राहिला का, म्हणून तिने विचारले. नाही म्हणायला जीभ वळली होती, पण तोंडातून हो निघाले. मग तिने हात सोडलाच नाही. कोणाकडे, असे तिने विचारले तेव्हा मी गुलाबरावांचे नाव सांगितले; त्यांच्याच बागेपलीकडे तिच्या लेकीचे घर होते. अर्धी वाट चालल्यावर ती म्हणाली, "तुहा हात काहून थरथरून राहिला, बापू? माया थरथरते, पण मी त म्हातारी हाव."

"भेव लागून राहिलं, माय," मी म्हणालो.

"लागन," ती म्हणाली. "मलेई दिसत नाही, मलेई भेव लागते. चालत राह्य."

बागेच्या फाटकाशी तिने स्वतःच हाक मारली, "गुलाब, हा मानूस तुह्याकडं आला," आणि मनगट सोडून कुंपण चाचपत पुढे गेली.

मी गुलाबरावांना सगळे सांगितले. एका झाडाचे पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरले; वास संत्र्याचा नव्हता, लिंबाचा होता. तुतारी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती आणि माझी नजर तिच्यावरून हटत नव्हती. त्यांनी जवळच्या झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवला. पोरासारखी वाढवली होती ती झाडे त्यांनी.

शेवटी ते म्हणाले, "मारून का होते? आता कराचं काय, ते सांग."

मूळ पक्के आहे, मी म्हणालो. वरून छाटून नव्या फुटीवर संत्र्याचे डोळे भरता येतील. दोन-तीन वर्षे मागे जाल, पण बाग वाचेल. मी येईन, प्रत्येक झाड माझ्या हाताने बांधीन.

मालकालाही सांगितले, नोकरी त्याच दिवशी गेली. पाळकसाहेबांना सांगितले तेव्हा ते मला नदीवर घेऊन गेले आणि बाप्तिस्मा दिला. त्या वर्षी मी दुसऱ्यांच्या बागांत मजुरी केली आणि दर रविवारी प्रार्थनेनंतर सायकलने मोहगावला गेलो. काड्या ओल्या पोत्यात असायच्या. अकरा झाडे मेली, बाकीची लागली. म्हातारीची चौकशी केली तेव्हा गुलाबराव म्हणाले की ती नेहमी नातीचा हात धरून येते, त्या दिवशी एकटी कशी निघाली कोण जाणे. मी आभार मानायला जाईपर्यंत ती वारली होती. ती त्या दिवशी तिथे कशी आली याचा मी फार विचार करत नाही. प्रभूवर सोडून देणे म्हणजे भीती जाणे असे मला पूर्वी वाटायचे. माझी कधी गेली नाही. तेवढे मनगट धरलेले होते, म्हणून पाय पुढे पडले.

गुलाबराव मला माफ केले असे कधी म्हणाले नाहीत. कुंपणाकडचे एक झाड मात्र त्यांनी मला बांधू दिले नाही. "हे राहू दे," एवढेच म्हणाले. बाग बहरली त्या वर्षी ते स्वतः सौंसरला आमच्या दारी आले आणि ओट्यावर एक झोळी ठेवली. आत त्याच झाडाच्या जंबेऱ्या होत्या.

"पयल्या बहाराची फळं मांगतली होती ना तुनं," ते म्हणाले आणि पाटावर जेवायला बसले.

दर वर्षी ती झोळी येते. बायको लोणचे घालते. खाताना दात आंबतात, आणि मी देवाचे आभार मानून आणखी एक फोड वाढून घेतो.