आसारामकाकाजींची दारू

आसारामकाकाजींच्या घरी पाणी मागणं म्हणजे त्यांचा अपमान करणं. पवनीच्या शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले. सामान उतरवून, उन्हानं लाल होऊन, मी पहिलीच गोष्ट मागितली ती पाणी. काकाजींचा चेहराच उतरला. "पाणी काहून मांगता, बाई? माह्या म्हशी आटल्या का?" पितळी पेला काठोकाठ दुधानं भरून आला. मला दूध मुळीच आवडत नाही. पण पेला रिकामा होईपर्यंत ते समोरून हलले नाहीत.

बुटके, काटक, खांद्यावर सदा दुपट्टा. गावभर रतीब घालायचे. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याचं नाव निघालं की म्हणायचे, "तो गवळी नोहे, तो मासोळ्या धरणारा धिवर आहे. नदीच इकून राहिला." त्यांच्या घरात तापाची गोळीसुद्धा दुधासोबतच गिळत. त्यामागं काकूंची एक भीती होती. खाटेवर पडलेल्याला कोरं पाणी फक्त शेवटी पाजतात, असं त्या मानत. सासू-सासरे दोघंही त्यांच्याच हातचं पाणी पिऊन गेले होते. तेव्हापासून आजारी माणसाला त्या पाणी देतच नसत. मुली सासरी गेलेल्या, घरात दोघंच. मग काकूंचंच राज्य.

काकाजींचं पोट कित्येक वर्षांचं दुखणं. उपाशीपोटी छातीखाली आग व्हायची, दूध प्यायलं की घटकाभर थंड वाटायचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एके सकाळी धारा काढता काढता त्यांना रक्ताची उलटी झाली. नागपुरात दुर्बीण घालून बघितलं, तर अल्सर. भंडाऱ्याचा एक तरुण डॉक्टर नवीन काही वाचणारा होता. तो म्हणाला, "पोटात जंतू असतो, असं आता कळलंय. तीन औषधं एकत्र देऊन बघू. पण पुन्हा रक्तस्राव झाला तर मी हमी देत नाही."

मी सोबत होते. त्यानं एकेक गोष्ट बजावून सांगितली. तिन्ही औषधं रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाहीत, नाहीतर जंतू निर्ढावतो. कॅप्सूल दुधासोबत अजिबात नको, पाण्यासोबतच. दारूचा थेंब नको. एका गोळीनं जीभ आणि शौच काळं पडेल, त्याला घाबरू नका. मात्र औषध संपल्यावर काळं दिसलं, डांबरासारखं चिकट असलं, चक्कर आली, तर असाल तसे निघून या.

"दारूचं सांगू नका, डॉक्टरसाहेब," काकाजी हसले. "पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाले मी दूधही देत नाही."

औषध सुरू झालं. दुधापाण्याचं काकूंना मीच सांगतो, असं काकाजी म्हणाले होते. जीभ काळी पडली. काकू घाबरल्या, मी समजावलं. औषध संपलं, दुखणं कमी झालं, मीही निर्धास्त झाले. आणि दिवाळीनंतर एका दुपारी काकू सहज बोलून गेल्या, "औषधाचं काळं अजून पडूनच राहिलं, बाई."

औषध संपून महिना उलटून गेला होता. धावत गोठ्यात गेले. काकाजी खांबाला धरून उभे, अंग घामानं चिंब, ओठ पांढरेफटक. "काही नाही, जरा घुमल्यासारखं होते," म्हणाले, आणि तिथंच शेणात बसले.

किराणावाल्याची जीप मिळाली. काकूंना म्हशी सोडून निघता येईना. भंडाऱ्यापर्यंतच्या त्या रस्त्यावर मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दर थोड्या वेळानं हाक मारायची आणि "हव" आलं की श्वास सोडायचा. एकदा "हव" आलंच नाही. मी ड्रायव्हरवर ओरडले, तेव्हा कुठं डोळे उघडले. "कायले कल्ला करता, बाई?"

रक्त चढवलं. वाचले. जरा बसते झाल्यावर डॉक्टरनं विचारलं, "कॅप्सूल कशासोबत घेत होता?"

काकाजी खाली मान घालून म्हणाले, "दुधासंगं."

"सांगितलं होतं ना? दुधात ते औषध लागूच पडत नाही. सगळं वाया गेलं."

"मालूम होतं, साहेब. पण घरवाली पेला घेऊन उभी राहे. तिच्या हातून पाणी कसं मांगू? मले वाटलं, घोटभर दुधानं काय होते?"

मला असा राग आला! मरायची पाळी आली आणि हा माणूस बायकोची भीती सांभाळत बसला होता. औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं ठरलं. मी ठणकावलं, "आता काकूंना मीच सांगते, दुधानं घात केला म्हणून." त्यांनी माझा हात धरला. "नको, बाई. ते मरून जाईल."

घरी पोचलो. काकू दारातच उभ्या. "काहून उलटलं वो? मी तं एक गोळी चुकू देल्ली नाही."

काकाजी म्हणाले, "मी बाजारात मोहाची घेतली होती. दोनदा. डॉक्टरनं मना केलं होतं तरी."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी काकाजींना आधार देऊन खाटेवर बसवलं. मग त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो साऱ्या आळीनं ऐकला. "आजपासून दुधाचा थेंब भेटत नाही तुमाले! पाण्यासंगं गिळा आन् पडा!" असं म्हणून, रागात स्वतःची भीतीही विसरून, त्यांनी पाण्याचा तांब्या खाटेजवळ आदळला. काकाजींनी मुकाट्यानं कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.

औषध संपेपर्यंत काकूंनी दूधही दिलं नाही आणि धड बोलल्याही नाहीत. मी रोज काकाजींचा चेहरा निरखून बघायची. पुढं नागपुरात पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हा व्रण भरलेला होता. गावात मात्र दारुड्या म्हणून नाव झालं ते झालंच. ज्या गिऱ्हाइकांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, ती आता तोंडावर हसायची. काकाजी मापात दूध ओतत राहायचे.

त्यानंतर बरीच वर्षं ते जगले. गेले ते छातीच्या दुखण्यानं. माझी तेव्हा बदली झाली होती. मी भेटायला गेले, तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"लय चांगला माणूस होता, बाई," त्या म्हणाल्या. "जन्मात एकच चूक केली, ते दारूची. जायच्या आदल्या दिवशी माफी मांगतली त्याईनं. मी म्हन्लं, जा, केलं माफ."

"बरं केलंत, काकू," मी म्हणाले.