उंबऱ्याबाहेरचं कुंकू

आमच्या दुकानात एक नियम होता, कापड उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. कोल्हापुरातल्या बाकीच्या मॅचिंग सेंटरांत बायका साडी आणि ब्लाऊजपीस घेऊन खुशाल रस्त्यावर जायच्या, उन्हात धरायच्या, मान वाकडी करून बघायच्या, वाटेनं चाललेल्या अनोळखी बाईलासुद्धा थांबवून विचारायच्या, "ओ ताई, जुळतंय का बघा की." आमच्याकडे ते चालायचं नाही. कुणी उठून दाराकडे निघालं की आतून स्टुलावरून आवाज यायचा, "कुठं निघाला वैनी? ऊन काय माझ्यापरास जास्ती शिकलंय व्हय?"

हा आवाज माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. दुकान शिवाजी पेठेतल्या एका बोळात होतं. रुंदीला दोन माणसांनी हात पसरले तर भिंती लागतील एवढंच, आणि लांबीला मात्र संपता संपत नसे. ऊन यायचं ते पायरीपर्यंत. तिथून पुढं भरदुपारीसुद्धा ट्यूबचाच उजेड. त्या उजेडात आत्याबाई स्टुलावर बसायच्या, गळ्यात सुतळीला बांधलेली कात्री, आणि समोर कप्प्याकप्प्यांत रचलेले ब्लाऊजच्या कापडाचे ताके. बाईनं साडी पुढं केली की त्या पदर दोन बोटांत धरायच्या, डोळे थोडे बारीक करायच्या आणि सरळ एका ताक्यावर हात ठेवायच्या. दुसरा ताका काढायची वेळच यायची नाही. घरी जाऊन बघावं तर ब्लाऊज साडीला असा लागलेला, की जणू एकाच थानातनं फाडलाय. म्हणून तर गारगोटीपासून पन्हाळ्यापर्यंतच्या बायका लग्नाचा बस्ता झाला की आमच्या बोळात वळायच्या.

मी गडहिंग्लजची. नव्वदच्या सुरुवातीला लग्न होऊन आले तेव्हा माझ्या लेखी लाल म्हणजे लाल आणि निळा म्हणजे निळा. दुकानात पाय ठेवल्याच्या पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी माझ्यासमोर कापडांचे तुकडे पसरले आणि म्हणाल्या, "ह्यातला डाळिंबी कुठला?" मी मोठ्या धिटाईनं एकावर बोट ठेवलं.

"आगं बया, ती आमसुली! तुझ्या अव्वानं तुला जल्माला घालताना डोळं बसवायचं इसरली का काय?"

माझ्या आईला मी अव्वा म्हणते याची त्यांना फार गंमत वाटायची. मला मात्र राग आला. मी पण काही कमी नव्हते. म्हटलं, बघतेच आता. आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. राणी वेगळा, गुलबक्षी वेगळा. वांगी, कोनफळी, जांभळा हे तीन सख्खे भाऊ, पण स्वभाव वेगळे. चिंतामणी आणि मोरपिशी यांत जो घोळ घालेल त्यानं सरळ किराणा मालाचं दुकान काढावं. एवढं शिकले तरी त्यांच्यासारखं पहिल्या झटक्यात बोट ठेवणं मला कधी जमलं नाही. माझा दुसरा ताका निघायचाच. स्टुलावर बसायची मला फार हौस होती, पण आत्याबाई उठतील तर ना! जेवायला गेल्या तरी जाताना स्टुलावर टॉवेल टाकून जायच्या.

त्या वेळच्या ट्यूबा म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. जाड, लांब, दोन्ही टोकांना काळ्या पडलेल्या. बटण दाबलं की आधी फडफड, मग विचार करणार, मग पुन्हा फडफड. चोक दिवसभर गुणगुणायचा. एखादी अगदीच अडून बसली की आमचे हे, म्हणजे माझे मालक, स्टार्टर पिळायचे आणि त्यानंही भागलं नाही तर कुंच्याच्या दांड्यानं तिला हलकेच टोचायचे. आत्याबाई म्हणायच्या, "मार बाबा, तुझा बा बी असाच हुता. ढोसल्याबिगर उठायचा न्हाय."

ह्यांना नव्या वस्तूंचा भारी सोस. पेठेतला पहिला कॉर्डलेस फोन आमच्याकडे आला आणि पायरीपाशी नेला की बंद पडायचा. त्यामुळे ते काही घेऊन आले की घरात सगळे आधी गप्प बसून बघायचे.

पुढं दोन हजारनंतर लोडशेडिंग सुरू झालं आणि धंद्याची पार वाट लागली. बाहेर लख्ख दुपार आणि आमच्या दुकानात अमावास्या. इन्व्हर्टर घेतला, पण त्या चार जाड ट्यूबा त्याला अशा शोषून घ्यायच्या, की वीज यायच्या आतच तो आडवा. मेणबत्तीच्या उजेडात आत्याबाई मॅचिंग द्यायला सपशेल नकार द्यायच्या. "मेनबत्तीत नुसतं अस्तर मिळंल. ब्लाऊज पायजे तर लाइट आल्यावर या." गिऱ्हाईक कशाला थांबतंय? शेजारच्या चौकात, जिथं दुकानातच ऊन यायचं, तिथं जायचं.

मग एकदा हे पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि लांबलचक खोकं खांद्यावर टाकून आले. एलईडीच्या ट्यूबा. तोवर एलईडी म्हणजे आम्हाला बॅटरीतला बारका दिवा माहीत. ट्यूबएवढी एलईडी बोळात कुणी पाहिली नव्हती. "चोक न्हाय, स्टार्टर न्हाय, वीज निम्मीबी खात न्हाय. इन्व्हर्टरवर दिवसभर चालतंय!" हे असं सांगत होते, जणू स्वतःच बनवून आणल्यात.

वायरमननं जुन्या पट्ट्या उतरवून नव्या चढवल्या. बटण दाबलं आणि आई शप्पथ, फडफड नाही, गुणगुण नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं दुकान पांढरंशुभ्र! मागच्या टोकाला कोळ्याचं जाळं होतं हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. बोळातली माणसं बघायला आली. आत्याबाईसुद्धा खूश. "पोरी, बोर्डाला कुंकू लाव," म्हणाल्या. मी गल्ल्याच्या पूजेसाठी नवीनच आणलेला कुंकवाचा पुडा फोडला आणि बटणांच्या बोर्डाला बोट लावलं. कुंकू कसलं, गंजल्यासारखं काळपट दिसलं. मी मनातल्या मनात त्या कुंकूवाल्याला शिव्या घातल्या. मेल्यानं विटकरीचा भुगा मिसळला असणार.

त्यानंतर पंधरवडाही झाला नसेल, जोतिबाच्या डोंगरावर गुलालाचं दुकान असलेली एक वैनी तरातरा पायरी चढून आली. काउंटरवर साडी आणि ब्लाऊज आपटला. "ह्ये डाळिंबी हाय? आमचं घरदार गुलालात लोळतंय, मला रंग शिकवतासा?" आत्याबाईंनी दोन्ही कापडं हातात घेतली. आमच्या दुकानात तर ती छान जुळत होती. पण जुळत नाही म्हणणाऱ्या तिच्या घरच्या चार बायका खोटं कशाला बोलतील? आत्याबाईंनी दुसरं कापड फाडून दिलं. तेही परत आलं. मग एका नवरीच्या आईनं वांगी साडीचा ब्लाऊज परत आणला. मग आणखी एक आली. प्रत्येक वेळी आत्याबाई कापड हातात घेऊन उलटंपालटं करायच्या आणि त्यांचा चेहरा उतरत जायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. आत्याबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला कुणी तोंडावर सांगतंय व्हय?" दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी गळ्यातली कात्री काढली आणि माझ्या गळ्यात घातली. स्टुलावरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला.

"बस आता तू. माझं डोळं गेलं."

इतकी वर्षं ज्या स्टुलावर माझा डोळा होता, ते असं हातात आलं आणि मला त्यावर बसवेना. आत्याबाई मागं जाऊन परकरांच्या गठ्ठ्यापाशी बसल्या. गिऱ्हाइकांना काही म्हणणं नाही, ह्यांना टोमणा नाही. कुणी कापड घेऊन पायरीकडे गेलं तरी हाक नाही. ती शांतता मला सोसेना. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी मुद्दाम मोरपिशीला चिंतामणी म्हटलं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. त्या जेवणसुद्धा अर्धवट टाकायला लागल्या. असंच चाललं तर हे माणूस आपल्या हातचं जाईल, अशी मला खरोखरची भीती वाटायला लागली.

शुक्रवारी सकाळी गल्ल्याची पूजा करताना पुन्हा तोच कुंकवाचा पुडा हातात आला. पुन्हा तसंच काळपट. माझा राग कुठंतरी निघायचाच होता, तो कुंकूवाल्यावर निघाला. पुडा घेतला आणि तडक बोळाच्या तोंडाशी, जिथं तो उन्हात हातगाडी लावून बसायचा तिथं गेले.

"लाज न्हाय वाटत? देवाच्या वस्तूत भेसळ करतोस?" म्हणत पुडा त्याच्यासमोर उपडा केला.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वैनी, ह्याला काळं म्हनतासा? बरं वाटत न्हाय का तुमास्नी?"

मी खाली पाहिलं. रणरणत्या उन्हात ते कुंकू असं लालभडक पेटलं होतं, की डोळे दिपावेत. मी तशीच मूठभर कुंकू घेऊन पळत सुटले. कुंकूवाला मागनं ओरडत होता, "आवो वैनी, काय झालं?"

दुकानाच्या पायरीवर मी मूठ उघडली. लाल. हात उंबऱ्याच्या आत नेला. काळपट. बाहेर. लाल. आत. काळपट.

"आत्याबाई! आत्याबाई, हिकडं या!"

"कशाला? माझं काय काम?" मागनं आवाज आला.

"तुमचं डोळं गेल्यात ना, मग माझं बी गेल्यात! या, दोघी मिळून दवाखान्यात जाऊ!"

त्या कुरकुरत आल्या. मी माझा हात आत-बाहेर करत होते. त्या बघत होत्या. मग माझ्या मुठीतलं कुंकू त्यांनी स्वतःच्या तळहातावर घेतलं. आत नेलं, बाहेर आणलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग आत गेल्या, जोतिबाच्या वैनीचा परत आलेला तुकडा आणि शेजारचे चार ताके काखेत मारून आल्या. उंबऱ्यापाशी क्षणभर थबकल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना जिथं अडवलं, तो उंबरा होता. मग पदर खोचला आणि ताक्यांसकट पायरीवर उन्हात जाऊन बसल्या. डोळे बारीक केले, आणि बोट ठेवलं.

"ह्यो डाळिंबी. ह्यो आमसुली. आन त्या बाईला मी दिलता त्यो कोनफळी! आरं देवा!"

एकही चुकला नव्हता. मी तिथंच त्यांच्या गळ्यात पडले आणि त्यांच्या पांढऱ्या साडीला कुंकवाचा पंजा उमटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात शिव्या. नेमके तेवढ्यात हे बँकेतून आले. "या, सायेब, या! मुडद्या, माझं डोळं गेलं म्हनून मी देवाला नवस बोलले, आन तुझा उजेडच भेसळीचा निघाला की रं!"

पुढं कळलं, सुरुवातीच्या त्या ट्यूबा कमी विजेत भरपूर पांढरा उजेड पाडायच्या, पण त्यांच्या उजेडात लाल फार थोडा असायचा. त्या दिवशी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ह्यांचा चेहरा एवढासा झाला होता. म्हणाले, "आई, जुन्या ट्यूबा माळ्यावर हायत्या. आत्ताच्या आत्ता लावतो."

"काय नगो," आत्याबाई म्हणाल्या. "लाइट गेल्यावर पुन्यांदा अस्तर इकत बसू व्हय? आन जुनी ट्यूब तरी कुठं खरं बोलत हुती? तिच्यात डाळिंबी करपल्यागत दिसायची. वांगी तर निम्मी निळी. ती किती आन कसं खोटं बोलती, त्ये मला पाठ हुतं. हिचं अजून पाठ न्हाय. खोटं बोलू दे की. रोज एकच खोटं बोलली म्हंजी झालं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, यांच्या डोळ्यांत काहीतरी जादू आहे. आणि यांनी एका खोटारड्या उजेडाचं सगळं खोटं बसून बसून तोंडपाठ केलं होतं!

मग आमच्या दुकानात तमाशाच सुरू झाला. आत्याबाई एकेक ताका घेऊन आधी ट्यूबखाली बघायच्या, मग पायरीवर जाऊन उन्हात बघायच्या, पुन्हा आत. ओठ सारखे पुटपुटत. बोळातली पोरंसोरं विचारायची, "आजी, परीक्षा हाय काय?" त्या म्हणायच्या, "व्हय, बारावीची." गिऱ्हाइकं आली तर त्यांनाही घेऊन पायरीवर. नियम मोडला तो मोडलाच. जोतिबाच्या वैनीला निरोप धाडून बोलावलं, पायरीवर बसवलं आणि उन्हात बघून डाळिंबी कापड फाडून दिलं. ती जाताना गुलालाचा पुडा ठेवून गेली. आत्याबाईंनी तो आधी उन्हात धरून बघितला आणि मगच ठेवून घेतला.

एक दिवस मी स्टुलावर बसले होते. एका मुलीनं वांगी रंगाची साडी पुढं केली. मी पहिला ताका काढला, नाही जमला. दुसरा काढला. तिसऱ्याला हात घालणार एवढ्यात मागून एक हात आला, पदर दोन बोटांत धरला, आणि सरळ एका ताक्यावर बोट टेकलं. मुलगी ते कापड घेऊन पायरीवर गेली, उन्हात धरलं आणि तिथनंच ओरडली, "काकू, एकदम झ्याक!"

आत्याबाईंनी माझ्या गळ्यातली कात्री काढून आपल्या गळ्यात घातली. खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"सरक," त्या म्हणाल्या.

इतक्या आनंदानं मी आयुष्यात कुठल्याच जागेवरून उठलेली नाही.