करंटाचे दात

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी लागले, तेव्हा मोटारींचा वेग सांभाळणारे इन्व्हर्टर आम्ही खऱ्या मोटारीला जोडूनच तपासायचो. काही चुकलं की फट्ट व्हायचं आणि जळका वास जेवणाच्या डब्यांपर्यंत पोचायचा. तपासणीच्या टेबलावर उरणच्या एक ताई असायच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. स्क्रीनवरची करंटची रेघ बघून त्या बिघाड सांगत. मला जे येतं, त्यातलं निम्मं त्यांनीच शिकवलं.

मग सिम्युलेटरची पेटी आली. इन्व्हर्टरला हुकूम देणारा आपला कंट्रोलर तिला जोडायचा. पेटी आतल्या आत गणितं करून इन्व्हर्टर आणि मोटारीसारखी वागायची, तेही त्याच क्षणी. काही जळायची भीतीच नाही. ताईंना मग पॅकिंगकडे पाठवलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर पेटीचंच कौतुक जास्त होतं.

उरणच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठीचा कंट्रोलर मी पेटीवर तपासला. सगळं उत्तम. ताई पॅकिंगमधून चहा घेऊन आल्या आणि मागे उभ्या राहिल्या.

"ही रेघ खरी नाय गो."

"ताई, पेटी दर पन्नास मायक्रोसेकंदांना नवं गणित करते."

"करू दे. खऱ्या करंटाला बारीक दात असतात. हिला एक पन नाय."

मी चिडले. पण जेवताना डोक्यातून जाईना. इन्व्हर्टरमधले स्विच त्या पन्नास मायक्रोसेकंदांच्या आतच उघडझाप करत होते. पेटीला ते दिसतच नव्हतं. इन्व्हर्टरच्या गणिताचा तेवढा भाग मी पेटीतल्या वेगवान चिपवर हलवला. तिथे एकेक गणित मायक्रोसेकंदाच्याही आत व्हायचं. दोन दिवस गेले. रेघेला दात फुटले, आणि करंट जिथे आपोआप तोडला जातो, त्या मर्यादेबाहेर त्यांची टोकं जात होती. कंट्रोलर तसाच गेला असता, तर बर्फाचा कॉम्प्रेसर सारखा बंद पडला असता.

मी पॅकिंगमध्ये जाऊन ताईंना हे सांगितलं.

"आमच्या लोकांचं होड्यांतलं मावरं बर्फाविना नासलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि खोक्याला चिकटपट्टी लावत राहिल्या.

त्याच आठवड्यात मी साहेबांकडून त्यांना परत मागून घेतलं. त्यांच्या निवृत्तीपर्यंत आम्ही दोघी त्या पेटीसमोर शेजारी बसायचो. आता पेट्या कितीतरी वेगवान झाल्यात. शेजारी बसून भांडणारं मात्र कुणी नाही.