माजी मंत्र्यांचा सत्कार

इथे अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या शेजारणीचे वडील ब्राझीलहून आले, तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला सगळी कारकीर्द सांगून टाकली. गावात औषधाचं दुकान, मग नगरसेवक, नगराध्यक्ष, शेवटी राज्याच्या विधानसभेत आमदार. एका पुलाच्या कामात पैसे खाल्ल्याचा आरोप झाला, त्यांनी कबूल केलं आणि राजीनामा दिला. कॉलेजातल्या मुलीला लोक चोराची पोर म्हणू लागले. ती इकडे निघून आली, नर्स झाली. आई गेल्यावर तिने वडिलांना आणलं ते एका अटीवर: पुढारीपणा नाही, बढाया नाहीत. "पुन्हा खोटं बोललो तर परतीचं तिकीट," ते म्हणाले होते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी माती खाल्ली.

गणपतीत मंडळाच्या प्रमुख पाहुण्यांनी ऐनवेळी टांग दिली. कमिटीतल्या मित्राचा फोन आला, "यार, तुझे ते ब्राझीलवाले काका फ्री आहेत का बघ. आता कोण मिळणार?" काका म्हणाले, येतो, पण फक्त शेजारी म्हणून. मी मान डोलावली. पण परिचय लिहायला बसलो आणि हात शिवशिवले. आपल्याकडे नुसत्या शेजाऱ्याला कोण शाल-श्रीफळ देतं? मी त्यांना ब्राझीलचे माजी मंत्री केलं. वर भ्रष्टाचाराचे कर्दनकाळही. म्हटलं, मराठीत आहे, त्यांना काय कळतंय!

निवेदन करणाऱ्या मावशींनी पोरांसाठी म्हणून तो परिचय इंग्रजीतही वाचला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि शेजारीण उठून तरातरा बाहेर गेली. खांद्यावरची शाल सावरत काका तिच्यामागे, त्यांच्यामागे मी, आणि काय झालं म्हणून कमिटीतले दोघं.

"हे तुम्ही सांगितलंत यांना?" पार्किंगमध्ये तिने वडिलांना विचारलं, आम्हालाही कळावं म्हणून इंग्रजीतच.

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागच्या दोघांकडे बघितलं. मी तोंड उघडायला हवं होतं.

"हो," ते म्हणाले, "मीच."

मग मी आत जाऊन मोदक वाढले. परिचय झकास झाला म्हणून शाबासकीही घेतली. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शी! आणि तू ऐकून घेतलंस?" मला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर काका कुंपणाशी दिसले नाहीत. शनिवारी सकाळी त्यांच्या दारात सूटकेस दिसली, गाडीची डिकी उघडी. मी सपाता घालूनच धावलो. शेजारणीला सगळं सांगितलं: मंत्री मी केलं, कर्दनकाळ मी केलं, त्यांनी बजावलं होतं तरी केलं. ती मला फाडून खाईल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मग ते हो का म्हणाले?"

"माझी लाज राखायला. माझी माणसं मागे उभी होती ना."

तिने डिकी लावून घेतली आणि तिलाच टेकून उभी राहिली. आत काका चहाच्या कपासारखं काहीतरी विसळत होते, त्याचा आवाज येत होता.

"पुलाचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या घरी त्यांच्या पक्षाचा नेता आला होता," ती म्हणाली. "त्याची माणसं मागे उभी होती. मी विचारलं, हे तुम्ही केलंत? बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, हो, मीच."